हिरव्या दोऱ्याची गादी

हनीफ पिंजारी आमच्या आळीत आला की आधी आवाज यायचा. निंबाच्या फांदीला दोरीने टांगलेलं ते लांब पिंजण, त्याची ताणलेली तात, आणि तिच्यावर लाकडी मोगरीचा ठोका. धुंऽऽग, तक. धुंऽऽग, तक. मग कापूस उठायचा. दबून दगड झालेला दहा वर्षांचा कापूस बघता बघता ढगासारखा फुगायचा, त्याचे तंतू अंगणभर तरंगायचे, म्हशीच्या शिंगावर बसायचे, माझ्या मिशीवर बसायचे. मी बाजेवर पडल्या पडल्या ते बघत राहायचो आणि मला वाटायचं की गावच थोडं जमिनीवरून सुटलंय.

आणि त्या आवाजातून दुसरा आवाज यायचा. कुणाचं तरी पोर धडा वाचत असायचं.

हा हनीफचा नियम. ज्या घरची गादी उघडली, त्या घरच्या पोराने ती शिवून होईपर्यंत मोठ्याने वाचायचं. पुस्तक कोणतंही चालेल, पण थांबायचं नाही. नशिराबादला त्याच्या घरी कापूस पिंजायचं मशीन आहे, अर्ध्या तासात गादी मोकळी करतं. पण आमच्यासारख्या आतल्या गावांत तो मुद्दाम बापाच्या वेळचं पिंजण घेऊन येतो. मी एकदा विचारलं, "मशीन आसून हात काहून दुखवतो रे?"

तर म्हणाला, "आबा, मशीनच्या घरघरीत पोरगं काय वाचतं ते आयकू येत नाही."

स्वतः चौथी पास. मीही चौथी पास, म्हणून आमचं जमतं. पण वीस-बावीस वर्षं घरोघरी ऐकून त्याला दहावीपर्यंतचा इतिहास तोंडपाठ झालेला. एकदा पाटलांच्या दीपकने वाचताना मधलं एक पान गाळलं. लवकर सुटायचं होतं त्याला, नदीवर पोरं वाट बघत होती. हनीफने मोगरी थांबवली. "बेटा, आधी लढाई व्हते, मंग तह व्हतो. तू तर न लढताच तह करून टाकला." दीपक ओशाळला, पान मागे उलटलं. आज तो चोपड्याकडे मास्तर आहे आणि त्याच्या वर्गातली पोरं म्हणे पान गाळत नाहीत.

गादी उघडणाऱ्या माणसाला घरं आतून कळतात. लोक गादीत काय काय ठेवतात, विचारू नका. हनीफला गाद्यांत अंगठ्या सापडल्यात, सुनेने सासूपासून लपवलेले फोटो सापडलेत, एकदा म्हाताऱ्या झुलालची दातांची कवळी सापडली. ती वर्षभर हरवली होती आणि झुलालने तिचा आळ शेजाऱ्यावर घेतला होता. हनीफ असली वस्तू मुठीत झाकून घरच्या बाईच्या हातात देतो आणि पुन्हा पिंजायला बसतो. त्या गोष्टी मला कशा कळल्या म्हणाल तर मी काही कमी चौकस नाही, आणि कवळीची गोष्ट झुलालने स्वतःच सांगितली.

तसंच त्याला पोरंही आतून कळायची. कोणती पोर अडखळते, कोण चष्मा नाही म्हणून पुस्तक नाकाला लावतं, कोण इतकं सरळ वाचतं की त्याला पुढं पाठवायलाच हवं. मग तो त्या पोराच्या बापाच्या मागे लागायचा. दाखला काढला का, फॉर्म भरला का, तारीख कधीची. या तारखांचं त्याला वेड होतं, आणि ते का होतं ते सांगतो.

त्याची मुलगी रूही. बारावीला चांगले मार्क, जळगावच्या विद्यापीठात नंबर लागलेला. कागद दाखवायची शेवटची तारीख होती आणि हनीफ त्या दिवशी यावलकडे एका लग्नाच्या सोळा गाद्या भरत होता. दुसऱ्या दिवशी गेला. खिडकीवरच्या माणसाने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्या माणसाची काही चूक नव्हती, तारीख ती तारीख. रूही आता चाळीसगावला असते. ती आणि तिचा नवरा अतिक ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतात. जिल्ह्यातल्या कोणत्या कॉलेजाची कोणती तारीख, हे ती बापाला फोनवर सांगते आणि बाप गावोगाव सांगत फिरतो. त्या एका दिवसाबद्दल दोघं बोलत नाहीत.

आता कोकिळा. आमच्या समोरचं घर, भटूची धाकटी पोरगी. भटू केळीच्या गाड्या भरायला जातो, त्याची बायको प्रमिलाबाई निंदणीला. कोकिळा सहावीत असताना पहिल्यांदा हनीफसमोर वाचायला बसली. वाचता वाचता थांबून तिनेच त्याला विचारलं, "हनीफचाचा, सरकीचं तेल काही दिवसांनी खवट का होतं?" हनीफ तेव्हा सरकी वेचून बाजूला टाकत होता. तो म्हणाला, "मले कापसाचं विचार. तेलाचं इचारायले तुले टेकडीवर जावं लागीन."

टेकडी म्हणजे विद्यापीठ. जळगाव ओलांडून हमरस्त्याने गिरणेच्या पलीकडे गेलं की डोंगरावर दिसतं. आमची माणसं एसटीतून धुळ्याला जाताना त्या पांढऱ्या इमारतींकडे बघतात, जसं दुसऱ्याच्या गावातल्या देवळाच्या कळसाकडे बघावं, बसल्या जागेवरून, क्षणभर. कोकिळेने त्या दिवसापासून ती टेकडी मनात घेतली. आणि खरंच यंदा तिचा तिथे तेलाच्याच इंजिनिअरिंगला नंबर लागला. आमच्या आळीतून टेकडीवर जाणारी ती पहिलीच. सोमवारी पाच वाजेपर्यंत असल कागद दाखवायचे होते. रूहीने हनीफला आणि हनीफने आम्हाला हे इतक्या वेळा सांगितलं की आमची म्हैससुद्धा सोमवार म्हटलं की मान हलवायची.

रविवारी कानबाई होती. श्रावणातला आमचा मोठा सण, देवी एक रात्र घरात बसते. गावात कुंकवाचा, केवड्याचा वास, बाया गाणी म्हणताहेत. दुपारी प्रमिलाबाई कागद काढायला गेली. तिने ते गादीत शिवून ठेवले होते. हसू नका, तिला कारण होतं. मागच्या वर्षी त्यांच्या बकरीने अर्धं रेशनकार्ड खाल्लं होतं. म्हणून जूनमध्ये कागदांचे मोबाईलवर फोटो काढून झाल्यावर तिने गुणपत्रिका, शाळेचा दाखला, जातवैधतेचं प्रमाणपत्र, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गादीची शिवण उसवून आत सरकवलं आणि वरून टाके घातले. बकरी गादी खात नाही.

तिने शिवण उसवली. आत कापूस. आणखी उसवली. आणखी कापूस. मी समोरून बघत होतो, ती हात कोपरापर्यंत आत घालून तशीच बसून राहिली. कोकिळा दारात उभी होती. तिने खाली वाकून आईच्या मांडीवर सांडलेला कापूस गोळा करायला घेतला.

हनीफला फोन केला. तासाभरात त्याची तीनचाकी आळीत आली. तो आत गेला, गादीकडे बघितलं, मग तिचा डोक्याकडचा कोपरा उलटा केला.

"भटूभाऊ, ही पूनमची गादी हाये."

पूनम म्हणजे कोकिळेची थोरली बहीण, मे महिन्यात बोदवडला दिलेली. लग्नासाठी हनीफने एकाच दिवशी, एकाच कापसाच्या, एकाच लाल पट्ट्याच्या कापडाच्या दोन गाद्या भरल्या होत्या. एक पूनमच्या आंदणाची, एक घरची. लग्नाच्या दिवशी टेम्पो भरला म्हणून आंदणाची गादी मागे राहिली. जावई आषाढात पिकअप घेऊन आला तेव्हा प्रमिलाबाई शेतात होती आणि भटूने वरची गादी उचलून दिली.

"तुले कसं कळलं?" भटूने विचारलं.

हनीफने कोपऱ्यावरची बोटभर गाठ दाखवली. हिरवा दोरा. सासरी जाणाऱ्या पोरीच्या गादीला त्याचा बाप हिरव्या दोऱ्याची गाठ मारायचा, तोही मारतो. "दोन्ही सारख्या दिसतात म्हनून तर मारतो भाऊ. तू पाह्यलं नाही."

भटू कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "मी केळी मोजतो हनीफ. गादीले कोपरे आसतात हे मले आज कळलं."

पूनमला फोन लावला. ती दबक्या आवाजात बोलली. तिच्या सासूबाई, बेबाबाई, कानबाई घरात बसली असताना घरात सुई-कात्री चालू देत नाहीत. सोमवारी सकाळी विसर्जन झाल्याशिवाय गादी उघडता येणार नाही. जावई पहाटेच गाडी घेऊन खांडव्याला जाणार. आणि एक, पूनम आणखी हळू बोलली, गादी बदलली हे सासूबाईंना कळू देऊ नका. जुनी गादी खपवली म्हणतील.

म्हणजे सोमवारी बोदवडला जायचं, विसर्जन होण्याची वाट बघायची, गादी उघडायची आणि पाचच्या आत उलट दिशेला जळगावपल्याडच्या टेकडीवर पोचायचं. हनीफने बोटांवर गावं मोजली. मग पूनमची गादी उचलून तीनचाकीत टाकली. "उद्या सातले निघू. आबा, तुम्हीबी चला. मोठं माणूस आसलं म्हंजे विहीणबाई जरा आवरून बोलतीन."

मला कुणी मोठं माणूस म्हटलं की मी कुठेही जातो.

सोमवारी निघालो. मागे गादीवर मी आणि कोकिळा, पुढे हनीफ. सकाळ ढगाळ होती, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांवर पाणी थांबलेलं. ती तीनचाकी चाळिसाच्या वर जात नाही, त्यामुळे सगळं सावकाश जवळ यायचं आणि सावकाश मागे जायचं. कोकिळा हातात काहीच नसलेल्या माणसासारखी बसली होती. मध्येच म्हणाली, "आबा, नाही सापडले तर?"

मी तिला झुलालच्या कवळीची गोष्ट सांगितली. ती तिने दहा वेळा ऐकली होती. तरी ऐकली.

बोदवडला पोचलो तर घर रिकामं. बाया कानबाई घेऊन गेल्या होत्या. अकरा वाजले, बारा वाजले. हनीफ ओट्यावर बसून आपल्या उजव्या हाताची बोटं मोकळी-बंद करत होता. रूहीचा फोन यायचा, "अब्बा, कुठवर?" आणि तो "बैठे हैं बेटा" एवढंच म्हणायचा. साडेबाराला गाणी ऐकू आली. गल्लीच्या टोकाकडून बाया आल्या, कपाळं पिवळी, पदर ओले, आणि त्यांच्यात बेबाबाई, उंच, हातात रिकामं तबक. मागे पूनम. आम्हाला बघून तिचा चेहराच उतरला.

"आबा, आज कसे?" बेबाबाई म्हणाली. "परसादाचा रोट तर तुम्हाले देता येनार नाही, घरच्यांचाच आसतो तो. फुटाने घ्या."

"घेतो विहीणबाई. तुमच्या हातचे फुटाणे म्हणजे..." मी सुरुवात केली.

"बाजारातले हायेत ते," ती म्हणाली.

हनीफने घसा खाकरला. "अक्का, आपला नियम हाये. नव्या नवरीची गादी श्रावणात एकदा तपासून..."

"नाही आत्या," कोकिळा म्हणाली. तिने पूनमकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर बोलू शकली नसती. "माझे कागद त्या गादीत आहेत. आईने शिवून ठेवले होते. बाबांनी चुकून घरची गादी तुमच्याकडे पाठवली. ताईची गादी आम्ही बरोबर आणलीय. मला पाचच्या आत विद्यापीठात जायचंय."

पूनम खांबाला धरून उभी. बेबाबाईने तबक खाली ठेवलं.

"मले ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?" पूनमच्या तोंडून निघालं.

"हिरवा दोरा नव्हता. माझ्या गादीले याच्या बापानं हिरवी गाठ मारली व्हती, चाळीस वर्सं झाली. तुही गादी आली त्या दिवशीच मी कोपरा पाह्यला. म्हटलं, पिंजारी तोच न् गाठ नाही, म्हंजे हे आंदण नाही. माहेरच्यांनी दुसरंच काही उचलून देलं." तिने पूनमकडे बघितलं. "पन सुनेले काय इचारायचं. तिनं काय गादी शिवली व्हती?"

महिनाभर ती बाई त्या गाठीचं दुःख मनात ठेवून गप्प राहिली होती. मी तिला कजाग समजत होतो. माणसाला आतून ओळखायला हनीफसारखे हात पाहिजेत, नुसत्या मिशा असून चालत नाही.

गादी बाहेर आणली. हनीफने डोळे मिटले आणि तळवा गादीवर ठेवला. दाबला, सरकवला, पुन्हा दाबला. डोक्याकडे काही नाही. कडेला काही नाही. महिनाभर माणसं झोपून झोपून पिशवी आत सरकली होती. मला तर पिंजणाचा आवाज ऐकू यायला लागला, धुंऽऽग, तक, पण ते माझंच छातीतलं होतं. तळवा बरोबर मध्यभागी आला आणि थांबला. अगदी हलकी, वाळलं पान मोडावं तशी, प्लास्टिकची करकर.

"हाये," हनीफ म्हणाला.

बाजूची हातभर शिवण उसवून त्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि पिशवी काढली. कोकिळेने ती दोन्ही हातांत घेतली. एक, दोन, तीन, चार कागद मोजले. मग पुन्हा मोजले. उसवलेल्या तोंडातून कापूस भसाभस बाहेर येत होता. हनीफ सुई शोधायला लागला. उघडी गादी सोडून तो कधी उठत नाही.

"दोन वाजत आले," बेबाबाई म्हणाली. "शिवत नको बसू. नवरीची गादी ठेव, ही घेऊन जाय तशीच. पोरगी गाडीत शिवीन." तिने आत जाऊन सुई आणली, दोरा ओवून. निळा दोरा, नातवाच्या शाळेच्या चड्डीचा. सुई कोकिळेच्या हातात देताना म्हणाली, "टाके मोठे घाल. घाईचं काम हाये."

परत येताना जे झालं ते मला आठवतं तेव्हा मी खरं-खोटं ओळखू शकत नाही. तीनचाकी जितकी पळेल तितकी पळत होती. गादीच्या तोंडातून कापूस सुटून मागे हमरस्त्यावर उडत होता, एकेक पुंजका, जणू आम्ही एक छोटा ढग वाटत चाललोय. कोकिळा पिशवी पोटाशी खोचून टाके घालत होती. हनीफ पुढून ओरडला, "आबा, गादी उघडी हाये. वाचा."

"काय वाचू? पुस्तक कुठाय?"

"जे दिसंल ते."

मग मी वाचायला लागलो. चौथीनंतर इतक्या मोठ्याने मी काही वाचलं नव्हतं. वरणगाव. हळू चालवा. केळीची रोपे मिळतील. पुढे शाळा आहे. भुसावळ. गरम जिलेबी. येथे वाहने उभी करू नयेत. एक अक्षर गाळलं नाही. कुठे ट्रक आडवा आला की थांबायचो, तर हनीफ आरशातून बघायचा, म्हणून मी ट्रकच्या मागचं वाचायचो. नशिराबाद आलं, आमच्या गावाचा फाटा आला, गेला. जळगावात गर्दी. चारला दहा कमी. गाडी थांबली की कोकिळा टाका घालायची थांबायची आणि समोर बघायची. मग गिरणेचा पूल. पुलावर वारा आला आणि उरलेला सगळा सुटा कापूस एकदम उठून नदीवर गेला. पुढे टेकडी.

मी इतकी वर्षं तिला खालून बघितली होती. आता आमची तीनचाकी पहिल्या गिअरमध्ये कण्हत तिच्या अंगावर चढत होती.

चार पस्तीस. खिडकीतल्या माणसाने पिशवी उघडली. कागदांवर कापसाचे तंतू चिकटलेले. त्याने एकेक कागद उचलून फुंकर मारली. दोनदा शिंकला. "हे कुठे ठेवले होते?"

"गादीत," कोकिळा म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या आमच्याकडे, दोघांच्या डोक्यावर कापूस. आणि शिक्का मारला.

हनीफ बाहेर येऊन पायरीवर बसला. रूहीला फोन लावला. "हो गया बेटा. पच्चीस मिनट बाकी थे." पलीकडून ती काहीतरी बोलली आणि हनीफ नुसता "हाँ... हाँ" करत टेकडीवरून खाली बघत राहिला. खाली नदी, पलीकडे शहर, आणि कुठेतरी धुकट हिरव्यात आमची केळी. आमचं गाव दिसतं का ते मी शोधत होतो. एवढ्या लांबून दिसणार नाही हे ठाऊक असूनही मला दिसलं.

हॉस्टेलात कोकिळा तीच गादी घेऊन गेली. हातभर वाकडे निळे टाके, गाठीपेक्षा मोठे. हनीफ नीट करून देतो म्हणाला तर तिने नको म्हटलं.

परवा तो आळीत आला होता. निंबाला पिंजण टांगलं, समोर एका घरचं पोर भूगोल वाचत होतं, कापूस माझ्या मिशीवर. त्याच्या पिशवीत हिरव्या दोऱ्याशेजारी निळ्या दोऱ्याची दोन रिळं दिसली.

"आता टेकडीवर जाणाऱ्याले निळी गाठ," तो म्हणाला. "हिरवी सासरची झाली, याच्यासाठी काही नव्हतंच आपल्याकडे."

"पण दोन रिळं एकदम? कोकिळेची तर झाली."

त्याने मोगरी उचलली. "एक चाळीसगावले धाडायचंय. रूहीनं फॉर्म भरला आबा. दुकान सांभाळून घरून शिकायचा, पदवीचा. तारखेच्या आठ दिवस आधी."

मग तात वाजली, आणि पोराचा आवाज त्यात बुडाला, पुन्हा वर आला.

"बेटा," हनीफ म्हणाला, "तापी राहिली. तू एकदम नर्मदेवर गेला."

पोराने पान मागे उलटलं.